बाहेरची कडी

आत्याबाई अंधारखोलीत आल्या तेव्हा माझ्या डाव्या मुठीत उंदराची एक पांढरी मादी होती आणि उजव्या हातात सुई. कोपऱ्यातला मिणमिणता लाल दिवा सोडला तर सगळा काळोख. त्या दाराशीच थबकल्या, पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "कुठं हाईस गं माय? दिसंना मला."

मी म्हटलं, तिथंच उभ्या राहा, डोळे सरावतील, कशाला हात लावू नका. त्यांच्यामागं दार लागलं आणि बाहेरून कडी पडल्याचा आवाज आला. त्याचं मला काही वाटलं नाही. ती रोजच पडायची.

बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आमच्या खोलीत मध्यरात्र होती. दिवसा रात्र करून बसणारी माणसं आम्ही. मी तेव्हा नांदेडला प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होते, मोबाईल अजून आमच्यासारख्यांच्या हातात आले नव्हते, आणि माझा विषय होता पिनीअल ग्रंथी. डोक्याच्या मधोमध असते ती, उंदरात तर खसखशीच्या दाण्याहून थोडी मोठी. अंधार पडला की ती आपला रस सोडायला लागते आणि सगळ्या शरीराला रात्र झाल्याचं कळवते. मला बघायचं होतं ते एवढंच, की मादीच्या अंडाशयातून येणारी संप्रेरकं या ग्रंथीच्या कामात हात घालतात का, आणि किती. म्हणून काही माद्यांची अंडाशयं काढलेली, काहींची तशीच ठेवलेली. काढलेल्यांतल्या निम्म्यांना मी सुईनं संप्रेरक द्यायचे, निम्म्यांना नुसतं तेल. ग्रंथी काढायच्या त्या रात्रीच. आता रात्र रात्र कॉलेजात कोण थांबणार, आणि आमच्या घरी ते चालणार कसं? म्हणून घड्याळ लावून दिवेच उलटे केलेले. सकाळी मालवायचे, संध्याकाळी लागायचे.

या ग्रंथीची एक खोड आहे. तिच्या रात्रीत जरा उजेड शिरला की ती लगेच हात आखडता घेते. आदल्या वर्षी आमच्यातल्या एका मुलीनं दार उघडं टाकलं, व्हरांड्यातला उजेड आत आला आणि तिचं वर्षाचं काम पाण्यात गेलं. तेव्हापासून खात्यात पद्धत पडली. माणूस आत गेलं की गुंडेरावांनी बाहेरून कडी घालायची आणि कडीला लाल फडकं बांधायचं, म्हणजे कुणी उगाच उघडणार नाही. बाहेर यायचं तर आतून घंटी दाबायची. गुंडेराव, म्हणजे आमचे शिपाई, व्हरांड्याच्या खिडक्या लावत, दिवे मालवत आणि मग कडी काढत. हौसेनं स्वतःला कोंडून घेणारी असली माणसं दुसरीकडे शोधून सापडायची नाहीत.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या का आल्यात ते मला ठाऊक होतं. हातात त्यांनी निळा थर्मास धरलेला. आमच्या घरात त्या थर्मासचं एकच काम उरलं होतं. बर्फ भरायचा, त्यात माझ्या इंजेक्शनची कुपी ठेवायची आणि दवाखान्यात न्यायची.

मूल होत नाही म्हणून माझ्यावर ते उपचार चालले होते. महिन्यामागून महिना सुया. बीजं तयार व्हावीत म्हणून सुया, आणि ती फुटावीत म्हणून शेवटी एक मोठी सुई. मागच्या खेपेला ती मोठी सुई घेतल्यावर माझं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, पोटात पाणी झालं, श्वास घेता येईना. आठवडाभर दवाखान्यात पडून होते. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं होऊ शकतं, या वेळी डोस कमी ठेवू, पण ठरवायचं तुम्ही. ठरवलं शिवराजनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. वाईट माणूस नव्हता हो तो. दवाखान्यात माझ्या उशाशी बसून ढसाढसा रडला होता. पण रडून झाल्यावर डोळे पुसले आणि म्हणाला, एकदाच अजून. त्याचं 'एकदाच अजून' कधी संपायचंच नाही.

त्या दिवशी तीच मोठी सुई होती. डॉक्टर दुपारी एकला दवाखाना बंद करून परभणीला जायचे ते दुसऱ्या दिवशीच उगवायचे, म्हणून त्यांनी बजावून ठेवलं होतं की एकच्या आत या, नाहीतर हा महिना हातचा गेला. शिवराज विमा कंपनीच्या कामाला हैदराबादला गेला होता. जाताना आईला सांगून गेला, तू स्वतः घेऊन जा तिला, तिच्यावर सोडू नकोस. माझ्यासमोर सांगितलं. घरात पोस्टानं आलेलं पार्सल असावं तसं माझ्याबद्दल बोलायचे सगळे.

हातातल्या मादीला सुई देऊन मी तिला पिंजऱ्यात सोडलं आणि म्हटलं, चला.

"थांब की जरा," आत्याबाई म्हणाल्या. "आलेच हाय तर बघू तरी काय करतीस दिवसभर."

आता त्यांना दिसायला लागलं होतं. एका पिंजऱ्याजवळ वाकल्या, वास घेतला आणि विचारलं, हे तिळाचं तेल काय गं? मी म्हटलं, हो, औषध त्यातच विरघळवून देतो. "बरंय," म्हणाल्या, "घरी संक्रांतीला तिळाचा दाणा मिळंना आणि इथं उंदरांची मालिश चाललीय." दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते. मी घंटी दाबली.

कुणी आलं नाही.

मी पुन्हा दाबली. भिंतीपलीकडे, लांब गुंडेरावांच्या टेबलापाशी ती वाजलेली मला ऐकू आली. त्यांच्या चपलांचा फटक फटक आवाज काही आला नाही. असं कधी झालं नव्हतं. तंबाखू मळायला गेले तरी घंटी ऐकू येईल इतपतच लांब जाणारा माणूस तो. मूळचे कंधारकडचे, आत्याबाईंच्या माहेराला लागून त्यांचं गाव. त्यामुळं कधी माझा डबा द्यायला आत्याबाई आल्या की दोघं व्हरांड्यात बसून गावाकडच्या गप्पा हाणत. त्या दिवशीही आत यायच्या आधी बराच वेळ बसल्या होत्या, त्यांचं बोलणं मला दारातून पुसट ऐकू येत होतं.

तिसऱ्यांदा घंटी दाबली ती बराच वेळ दाबून धरली. मला कोंडून घ्यायची सवय होती, पण ती मी म्हणेन तेव्हा दार उघडायची सवय होती. दार उघडत नाही म्हटल्यावर तीच खोली अंगावर यायला लागली. खिडकी नाही. छतातला पंखा घरघरतोय. चारी भिंतींना लागून पिंजरे, आणि पिंजऱ्यांत कुरतडल्याचा आवाज. उंदीर रात्रीच जागे असतात, त्यामुळं माझ्या रात्रीत सगळ्या माद्या टक्क जाग्या. त्या पिंजऱ्यात आणि मी खोलीत, एवढाच काय तो फरक.

दार बडवायचं म्हटलं तर बडवता आलं असतं. व्हरांड्यातून बी.एस्सी.ची पोरं जात-येत होती. त्यांच्यातल्या कुणी फडकं सोडून धाडकन दार उघडलं असतं आणि दुपारचं लख्ख ऊन थेट पिंजऱ्यांवर पडलं असतं. दुसऱ्या दिवशी मला ग्रंथी काढायच्या होत्या. सहा महिने सांभाळलेल्या माद्या त्या. आणि नाही बडवलं तर एक वाजून जाणार, सुई चुकणार, आणि संध्याकाळी हैदराबादहून फोन येणार. काय सांगू? उंदरांसाठी मूल सोडलं म्हणून सांगू?

मी दाराशी गेले आणि हात उचलला. खरंच उचलला. मागून आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "उजेड यील ना आत?"

मी म्हटलं, येईल.

"मग तुझं सगळं नासंल म्हणं."

मी वळून बघितलं. हे त्यांना कुणी सांगितलं? मी घरी कधी कामाचं बोलत नसे, बोललं तर शिवराज हसायचा. गुंडेरावांनी सांगितलं म्हणाल्या. आणि तिथल्याच एका स्टुलावर ऐसपैस बसून थर्मास मांडीवर घेतला. "बस," म्हणाल्या. "यील तो. कुठं पळून जातोय?"

मी थर्मास मागितला, म्हटलं बर्फ राहिलाय का बघते. त्यांनी तो पदराखाली ओढला. सारखं उघडलं की गारवा जातो, म्हणाल्या. तेही खरंच होतं.

मग बसून राहिलो. माझ्या डोक्यात घड्याळ टिकटिकत होतं, त्यांना मात्र कसलीच घाई दिसत नव्हती. त्यांनी विचारलं, या समद्यांना काय केलंयस तू? मी सांगितलं, त्यांना कळेल असं. डोक्यात एक गाठ असते, तांदळाच्या दाण्याएवढी माणसाच्या. तिला अंधार कळतो. बाईची अंडाशयं काढली तर त्या गाठीचं काम बदलतं का ते मी बघते. एका पिंजऱ्यातली मादी मी त्यांना दाखवली, तिच्या पाठीवर दोन्ही बाजूंना टाक्यांच्या जागी केस वेगळे उगवले होते.

त्यांनी खूप वेळ तिच्याकडं बघितलं.

"माझंबी काढलंय की," त्या म्हणाल्या.

मला माहीत होतं, म्हणजे त्यांची पिशवी काढलीय एवढं माहीत होतं. आमच्या भागात कितीतरी बायकांची काढलेली असते, त्याचं कुणी बोलत नाही. त्यांनी मात्र त्या काळोखात सगळं सांगितलं. शिवराज तेव्हा शाळेत होता. अंगावरून फार जायचं, म्हणून त्यांच्या सासूनं आणि नवऱ्यानं दवाखान्यात नेलं. तपासणी आहे, म्हणाले. शुद्धीवर आल्या तेव्हा पोटाला पट्टी. पिशवीबरोबर बाकीचंही काढलं होतं. घरी आल्यावर सासू म्हणाली, झालं ते बरं झालं, आता दर महिन्याची कटकट मिटली. वय तरी काय होतं त्यांचं? तेव्हाच्या त्या या अंधारखोलीतल्या माझ्याहून थोड्याच मोठ्या.

"तवापासून झोप नाही बघ मला," त्या म्हणाल्या. "आधी अंगाची आग आग व्हायची. ती गेली, पण झोप काही आली नाही माघारी. रातीबी नाही, दिवसाबी नाही. तुझी ती अंधार कळणारी गाठ माझी मेली असंल."

मी सांगायला गेले की उंदराचं माणसाला तसंच लागू होत नाही, उंदरात तर अंडाशय काढल्यावर हा रस वाढलेलाच दिसतो काही वेळा, बायकांचं वेगळं असू शकतं, नक्की कुणालाच माहीत नाही. बोलता बोलता माझा मलाच कंटाळा आला. एका घरात इतकी वर्षं राहून मी त्यांना कधी विचारलं नव्हतं की तुम्हाला झोप का येत नाही. घरातल्या कुणीच विचारलं नव्हतं. आत्याबाई जाग्याच असतात, हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. दूध नासू नये म्हणून त्या बघतील, पहाटे नळ येईल तर त्या उठवतील.

तेवढ्यात कॉलेजची घंटा झाली. दुपारच्या सुट्टीची, एकची.

संपलं. डॉक्टर निघाले असणार. मला रडू फुटलं, आणि काय सांगू, ते रडू दुःखाचं नव्हतं. अंगावरून कुणीतरी जड ओझं उचललं होतं आणि त्याचीच मला भीती वाटत होती. संध्याकाळच्या फोनची भीती वाटत होती. पुढच्या महिन्याची वाटत होती, कारण पुढचा महिना येणारच होता.

आत्याबाईंनी थर्मास माझ्यापुढं केला. "उघड आता," म्हणाल्या.

मी झाकण फिरवलं. आतून वाफ आली. वाफेबरोबर आल्याचा वास.

मला काही समजेना. लाल उजेडात मी त्या थर्मासमध्ये डोळे घालून बघत राहिले. बर्फ नव्हताच. कुपी नव्हती. चहा होता.

"पी," त्या म्हणाल्या. "झाकणातच घी. एकच हाय."

"आणि इंजेक्शन?"

"फ्रिजमधी. हाय तिथंच हाय."

मग मला गुंडेरावांच्या न येणाऱ्या चपलांचा अर्थ लागला, आणि व्हरांड्यातल्या त्या लांबलेल्या गप्पांचाही. आत्याबाईंनीच गुंडेरावांना सांगून ठेवलं होतं. घंटी वाजली तरी सुट्टी होईपर्यंत उठू नको, म्हणून. गुंडेराव आधी तयार होईनात. मग आत्याबाईंनी त्यांच्यापुढं हात जोडले. आपल्याकडच्या पाटलाच्या लेकीनं हात जोडल्यावर बिचारा माणूस काय करणार?

मी विचारलं, का?

त्या स्टुलावरून उठल्या, मघाच्या त्या टाक्यांच्या मादीपाशी गेल्या आणि माझ्याकडं पाठ करूनच बोलल्या.

"परवा राती तू शिवराजला म्हणत होतीस, मला भ्या वाटतं, मला नको. मी जागीच असते. भिंतीपल्याड सगळं ऐकू येतं. तो म्हणाला, एकदाच अजून. मग तू गप झालीस. मला वाटलं तू बोलशील. मी वाट बघत पडले तर तू गपच."

"तुम्ही त्यांना सांगायचं ना मग."

"काय सांगू? तो म्हणला असता, आई, तुला नातू नको का? नको कसं म्हणू गं? हवा हाय मला. लई हवा हाय." त्यांचा आवाज पहिल्यांदा कापला. "पण तुझं पोट फुगलं तवा दवाखान्यात मी बघत होते. मलाबी असंच निजवलं होतं, कुणी इचारलं नव्हतं. तुला इचारलं, तू सांगितलंस, तरीबी निजवायलेत. मग इचारायचं तरी कशाला?"

मी चहा ओतलेलं झाकण हातात धरून उभी. चहा प्यायचं भान नव्हतं. त्या वळल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आजचं मी टाळलं. म्होरल्या महिन्यात मी कुठं कुठं कड्या घालत हिंडू? तूच म्हण. इथं म्हण आधी. इथं कुणी ऐकणारं नाही, ही उंदरं तेवढी."

काय म्हणायचं ते कळत होतं, पण तोंडातून निघेना. हसू नका, परवा अंथरुणात कुजबुजत म्हटलेलं ते वाक्य उभ्यानं म्हणायचं तर मी झाकणातल्या चहाकडंच बघत राहिले.

"म्हण."

"मला नको," मी म्हटलं.

"मला ऐकू आलं न्हाई."

"मला नको. मला नकोत त्या सुया. मला मूल हवं होतं, पण असं नको." पंख्याच्या घरघरीतही माझा आवाज मोठा आला. पिंजऱ्यांतलं कुरतडणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"हां," आत्याबाई म्हणाल्या आणि माझ्या हातातल्या झाकणातला चहा घोटभर स्वतः प्यायल्या. "गार झाला की."

थोड्या वेळानं चपला फटक फटक करत आल्या. खिडक्या लागल्याचे आवाज, दिव्याच्या बटणाचा आवाज, मग कडी निघाली. गुंडेराव माझ्याकडं बघेनात. त्यांना वाटत असावं मी आता सरांकडं तक्रार करणार. मी उरलेला चहा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि कडीचं लाल फडकं उगाच पुन्हा पुन्हा झटकत राहिले. माद्या होत्या तशा होत्या, आत उजेडाचा टिपूसही गेला नव्हता.

संध्याकाळी फोन आला. फोन आमच्याकडं बैठकीत होता, टीव्हीशेजारी. आत्याबाई समोरच्या खुर्चीत बसून देवापुढच्या वाती वळत होत्या. रिक्षात त्या मला म्हणाल्या होत्या, सांग, दार लागलं होतं, आत अडकले होते. खोटं कुठं हाय त्यात? तेच सांगून सुटता आलं असतं. शिवराजनं पहिलंच विचारलं, घेतलं का इंजेक्शन?

"नाही," मी म्हटलं. "आणि पुढच्या महिन्यातही घेणार नाही. मला नको आता."

पलीकडून तो बोलत राहिला. आधी चिडून, मग समजावत, मग आईला दे म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही माझ्याशीच बोला. असं मी त्याला कधी म्हटलं नव्हतं. त्या फोनवर खूप काही झालं, पुढंही महिनोन्महिने होत राहिलं, अबोला झाला, भांडणं झाली, शेवटी एका अनाथाश्रमातून आमची मुक्ता घरी आली तेव्हा कुठं तो पुन्हा पूर्वीसारखा हसला. पण त्या संध्याकाळी मी तीच तीन वाक्यं म्हणत राहिले, पुन्हा पुन्हा, जशी अंधारात म्हटली होती तशी. मग फोन ठेवला.

मला वाटलं आत्याबाई काहीतरी बोलतील. शाबासकी देतील किंवा म्हणतील, जरा सबुरीनं घ्यायचं होतं. मी वळून बघितलं.

वातीचा कापूस त्यांच्या मांडीवर तसाच पडला होता, मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती आणि तोंड थोडं उघडं होतं. त्या गाढ झोपल्या होत्या. टीव्ही चालू, डोक्यावर ट्यूबलाइट लख्ख. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून मी त्यांना झोपलेलं पहिल्यांदाच बघत होते.

मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि आवाज होऊ न देता उठून ट्यूबलाइट मालवली.